पाण्याची खूण

बाबा अजून तपासतात.
नाशिकरोडच्या प्रेसमधून सुटून एकवीस वर्षं झाली,
पण हाताला सुट्टी कळलेली नाही.
सकाळी खुर्ची खिडकीपाशी ओढतात
आणि हाती येईल ते उन्हासमोर धरतात:
लाइटबिल, चर्चचं पत्रक,
काल तर चपाती.
डोळा बारीक करून बराच वेळ पाहिली
आणि बाजूला ठेवली. "बाद."
मी हसले. मग कणीक मळता मळता रडले,
तेही जरा लपून.

टेबलावर मस्कतच्या इस्पितळाचं पत्र आहे,
सव्वीस तारखेपर्यंत कळवायचं.
"जा" म्हण, नाहीतर "थांब" म्हण, प्रभू,
एवढंच तर मागते आहे नाताळच्या आधीपासून.
गुरुवारच्या सभेत सुवार्ताबाई ओहोळांना
दर आठवड्याला दर्शन होतं.
परवा पांढरा घोडा दिसला,
त्याआधी जावयाच्या बदलीचं गाव, तालुक्यासकट.
मी डोळे मिटते तेव्हा
मला वॉर्डातला सलाइनचा स्टँड दिसतो.
हेवा वाटतो. हेही त्यालाच सांगते;
त्याच्यापासून काही लपवून ठेवण्याइतकी जागा
आमच्या दोन खोल्यांत नाही.

देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला
की तावदानं थरथरतात, मांडणीतली भांडी बोलू लागतात.
लहानपणी वाटे, देव असाच बोलत असणार,
सगळ्या शरणपूरला एकदम ऐकू जाईल असा.
आता तोफा थांबल्यावरची शांतता
ऐकत बसते.
तीही अजून काही म्हणालेली नाही.

एकदा, मी दुसरीत असेन,
बाबांनी दहाची नोट माझ्या डोळ्यांपुढे धरली होती.
"ही पाण्याची खूण. ही छापत नाहीत, बयो.
कागद ओला लगदा असतो ना, तेव्हाच ती त्यात बसते.
आपण काही घालायचं नसतं.
फक्त उजेडाकडे धरायचं
आणि हात हलू द्यायचा नाही."
विश्वास म्हणजे एवढंच असेल,
तर माझ्याच्यानं ते पाच मिनिटंही होत नाही.

आज धुकं उशिरा उठलं.
बाबांचं तोंड पुसायला वाकले,
तर त्यांनी माझी हनुवटी धरली
आणि चेहरा खिडकीकडे वळवला.
अंगठा कपाळावरून फिरला,
नेमका तिथून, जिथं अडतीस वर्षांपूर्वी
पाळकांनी बाप्तिस्म्याचं पाणी लावलं होतं
आणि बाबांनी ते आपल्या रुमालानं टिपलं होतं.
मला ते आठवणं शक्य नाही.
पण अंगठा तिथेच थांबला.

"आहे," बाबा म्हणाले.
आणि मग, शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी सांगावं तसं:
"पुढे पाठवा."

कोण बोललं हे?
प्रेसमधली छत्तीस वर्षांची सवय,
की
मी वाक्य पुरं केलं नाही.
सुवार्ताबाईंच्या कानावर घातलं
तर त्या अर्थ सांगतील, विमानाची वेळही सांगतील.
नाही घालणार.
पुढे म्हणजे मस्कत,
की पुढे म्हणजे फक्त आजची दुपार,
गोळ्या, भाताची पेज
आणि रात्री पुन्हा त्याच फरशीवर गुडघे,
मला कळलेलं नाही.
कपाळ मात्र अजून गरम आहे.

आज एकोणीस तारीख.
पत्र उचललं, त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी ते उन्हासमोर धरलं
आणि धरूनच ठेवलं.
मी बाजूला उभी आहे.
चहा उतू जातोय, जाऊ दे.
एरवी चमचाभर पाणी सांडवणारा तो हात
हलत नाहीये.